नुसती पेटी नको, रेडिओ वाचवा

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात व्हॉल्व्हच्या रेडिओला आज गिऱ्हाईक मिळते, पण बहुतेक वेळा ते पेटीचे गिऱ्हाईक असते. लाकडाला पॉलिश होते, पितळी कडा घासून चकचकीत होतात आणि आतली चासी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि सर्किट बसवलेला धातूचा सांगाडा, उपसून तिथे ब्लूटूथचा छोटा बोर्ड आणि नवा स्पीकर बसतो. असा रेडिओ मग एखाद्या कॅफेत किंवा दिवाणखान्यात शोभेला जातो. उपसलेली चासी भंगारात जाते, तिच्यातले तांबे आणि लोखंड किलोवर विकले जाते. दुसरीकडे कित्येक घरांत माळ्यावर मूळ संच तसेच पडून असतात. वडीलधाऱ्यांची आठवण म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत उत्साहाने प्लग लावून पाहिला जातो. पेटी रिकामी करणे, संच कुजू देणे आणि न तपासता वीज देणे या तिन्ही गोष्टींनी रेडिओ संपतो. माझे म्हणणे असे की जुना रेडिओ जपायचा असेल तर तो त्याच्या मूळ सर्किटसह चालता करावा, त्यात कमीत कमी बदल करावेत, केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी आणि हे काम शिकून घेऊन शक्य तितके घरीच करावे.

मूळ सर्किटचा आग्रह कशासाठी, हे आधी पाहू. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये सुपरहेटरोडाइन पद्धत मांडली आणि घराघरांतला रेडिओ पुढे तिच्यावरच उभा राहिला. १९५० नंतरच्या दशकातला साधा संच घेतला तर त्यात चार-पाच व्हॉल्व्ह असतात. ईसीएच ८१ हा व्हॉल्व्ह स्टेशनची लहर आणि संचात तयार होणारी दुसरी लहर यांचे मिश्रण करून सुमारे ४५५ किलोहर्ट्झची एक ठरावीक लहर काढतो. पुढचा व्हॉल्व्ह ती लहर वाढवतो, डायोड तिच्यातून आवाज वेगळा करतो, ईएल ८४ सारखा व्हॉल्व्ह स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो आणि रेक्टिफायर या सगळ्यांना लागणारा एकदिश दाब पुरवतो. हा सगळा प्रवास चासी उलटी केली की डोळ्यांनी पाहता येतो आणि कोणता कंडेन्सर कशासाठी आहे हे बोटाने दाखवता येते. कारखाने दुरुस्तीसाठी सर्किटचे नकाशे आणि दाबांचे तक्ते काढत, कारण संच कधीतरी बिघडणार आणि कोणीतरी तो उघडणार हे गृहीतच होते. आज आपल्या हातातल्या फोनची बॅटरीसुद्धा सहज निघत नाही. ग्राहकाला दुरुस्तीचा हक्क मिळावा म्हणून केंद्र सरकारला २०२२ मध्ये समिती नेमावी लागली आणि त्यासाठी वेगळे संकेतस्थळ सुरू करावे लागले. दुरुस्तीसाठीच बनवलेली वस्तू कशी असते याचा पुरावा त्या चासीत आहे, पेटीत नाही.

या संचांना आपल्याकडे सामाजिक इतिहासही आहे. मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. १९३३ च्या कायद्याने रेडिओ बाळगायला परवाना लागू लागला आणि टपाल कार्यालयात पैसे भरून तो मिळवण्याची रीत १९८० च्या दशकापर्यंत चालली. ठाण्यात मर्फीचा कारखाना होता, मुंबईत नॅशनल एको ही रेडिओ कंपनी होती आणि १९५४ साली स्थापन झालेली बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स पुढे व्हॉल्व्हही बनवू लागली. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने याच केंद्रावरून पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांसाठी शेती आणि गावसुधारणेचे मराठी कार्यक्रम लावले गेले. गावकरी एकत्र बसून ते ऐकत, नंतर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. विकासासाठी रेडिओ कसा वापरावा याच्या जागतिक अभ्यासात हा प्रयोग आजही उल्लेखला जातो. तो उभा राहिला तो गावागावांत ठेवलेल्या संचांच्या आधारावर. असा संच आज एखाद्या कॅफेत मुका उभा असेल, तर त्याचे लाकूड वाचले एवढेच म्हणता येईल.

कायद्याकडूनही या वस्तूंना संरक्षण नाही. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यात सर्वसाधारण वस्तूला शंभर वर्षे पूर्ण व्हावी लागतात. आपल्याकडच्या घरांत सापडणारे बहुतेक संच १९४० ते १९७० या काळातले आहेत, म्हणजे त्यांना अजून दीड-दोन दशकांपासून चार-पाच दशकांपर्यंत वाट पाहायची आहे. शिवाय ते लाखांनी बनले, त्यामुळे संग्रहालयांना दोन-चार नमुने ठेवले की पुरतात. काचेमागच्या नमुन्याला सहसा वीज दिली जात नाही. तेव्हा चालते संच पुढच्या पिढीपर्यंत पोचणार असतील तर ते घरांमधूनच पोचतील. ज्याच्या माळ्यावर असा रेडिओ आहे त्याच्याकडे एका सार्वजनिक ठेव्याचा लहानसा वाटा आहे आणि त्याचे काय करायचे हा प्रश्न त्याच्या आवडीनिवडीपुरता राहत नाही.

आता त्या उत्साहाने लावलेल्या प्लगकडे येऊ, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. जुन्या संचात मेणकागदाचे कंडेन्सर असतात. दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणच्या हवेत, कागद ओलावा धरतो आणि एकदिश दाब अडवण्याचे आपले काम कंडेन्सर नीट करेनासा होतो. यातला सर्वांत घातकी कंडेन्सर आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला असतो. त्याच्या आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर ८० व्होल्ट आहेत आणि ग्रिडचा रेझिस्टन्स १ मेगओहम आहे असे धरा. कंडेन्सरमधून १० मेगओहमइतकी गळती असली तरी ग्रिडवर सात व्होल्टच्या आसपास धन दाब येतो. ईएल ८४ ला सुरक्षित चालण्यासाठी लागणारा ऋण दाबही साधारण तेवढाच असतो, म्हणजे त्याचा लगामच सुटतो. कॅथोडचा रेझिस्टन्स थोडे सावरून घेतो, पण व्हॉल्व्हमधून मर्यादेबाहेर करंट वाहत राहतो आणि हळूहळू व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर तिन्ही धोक्यात येतात. या सगळ्या काळात गाणे ऐकू येत असते. साध्या मल्टिमीटरच्या बॅटरीच्या अल्प दाबाला ही गळती पुष्कळदा दिसतही नाही. म्हणून ‘वाजतोय म्हणजे ठीक आहे’ हा निष्कर्ष व्हॉल्व्हच्या रेडिओला लागू पडत नाही. काही रुपयांचा एक कंडेन्सर आधी बदलला तर वाचणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर नंतर शोधून मिळत नाही.

यातूनच कामाचा क्रम ठरतो. आधी वीज न देता संच उघडावा, चासीचे वरून-खालून फोटो काढावेत, व्हॉल्व्हचे क्रमांक आणि जागा लिहून घ्याव्यात. धूळ मऊ ब्रशने झाडावी, पण डायलच्या काचेच्या आतल्या बाजूला ओले फडके लावू नये, कारण स्टेशनांची नावे पाण्यानेही निघून येतात. रबरी आवरण कडक होऊन गळून पडलेल्या तारा बदलाव्यात. मेन्सची वायर हाताला भुसभुशीत लागली तर ती आधी बदलावी. मग कागदी कंडेन्सरांच्या जागी योग्य दाबाचे पॉलिएस्टरचे कंडेन्सर लावावेत, वाळलेले इलेक्ट्रोलिटिक बदलावेत, जे कंडेन्सर थेट मेन्सवर येतात तिथे त्याच कामासाठी बनवलेले सुरक्षा दर्जाचे कंडेन्सरच लावावेत आणि कार्बनचे रेझिस्टन्स मोजून पाहावेत, कारण ते वयाबरोबर बहुधा वर सरकतात. हे झाल्यावरच वीज द्यावी आणि तीही सिरीजमध्ये तारेचा जुन्या पद्धतीचा दिवा ठेवून. कुठे शॉर्ट असेल तर दिवा भगभगून पेटतो आणि संच वाचतो. ४५५ किलोहर्ट्झची लहर जुळवणाऱ्या आयएफ ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू मात्र उत्सुकतेपोटी फिरवू नयेत. कारखान्यात जुळवलेली ती जागा सिग्नल जनरेटरशिवाय पुन्हा सापडणे कठीण असते आणि फेराइटच्या गाभ्याची जुनी कांडी जोर लावताच तुटते.

पहिला आक्षेप इथेच येतो. इतके भाग बदलले तर रेडिओ मूळचा उरला कुठे? प्रश्न योग्य आहे आणि वास्तूंच्या जतनात त्याचा फार विचार झालेला आहे. १९६४ ची व्हेनिस सनद सांगते की तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा आणि नवे घातलेले जुन्यापासून वेगळे ओळखू यावे. इन्टॅक या संस्थेने २००४ मध्ये भारतातल्या असंरक्षित वारशासाठी केलेल्या सनदेने याला एक महत्त्वाची जोड दिली. जिथे कारागिरांची परंपरा जिवंत आहे तिथे त्या परंपरेने केलेली दुरुस्ती हाही वारशाचाच भाग आहे, असे ती मानते. रेडिओला दोन्ही तत्त्वे नेमकी लागू पडतात. कंडेन्सर आणि दिवे हे बदलण्यासाठीच असलेले भाग होते आणि त्या काळचे मेकॅनिकही ते बदलतच होते. कॉइल, गँग (स्टेशन लावायचा बदलता कंडेन्सर), ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, डायल आणि त्यांची मांडणी ही संचाची ओळख आहे, तिला हात लागता कामा नये. काही जण जुन्या कंडेन्सरचे कवच पोकळ करून त्यात नवा भाग बसवतात. त्यात कौशल्य आहे, पण माझ्या मते नवा भाग चासीखाली उघड दिसावा, काढलेला जुना भाग पाकिटात घालून पेटीतच ठेवावा आणि सोबत तारीख व बदलांची यादी असावी. पुढच्या माणसाला फसवणार नाही अशी दुरुस्ती हीच प्रामाणिक दुरुस्ती होय. पेटीत सापडलेला टपालाचा परवाना, जुनी पावती किंवा मेकॅनिकने पेन्सिलीने लिहिलेली तारीखही तितक्याच काळजीने जपावी.

दुसरा आक्षेप जिवाच्या धोक्याचा आहे आणि त्याला हलके लेखणे हा गुन्हा ठरेल. व्हॉल्व्हच्या प्लेटवर दोनशे ते अडीचशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यानंतरही मोठे कंडेन्सर भार धरून राहू शकतात. त्याहून फसवे असतात ते एसी-डीसी संच. काही शहरांत तेव्हा डीसी वीज होती, म्हणून मेन्स ट्रान्सफॉर्मरशिवाय दोन्हींवर चालणारे हे संच आपल्याकडे पुष्कळ विकले गेले. यांच्यात चासी मेन्सच्या एका तारेला थेट जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्खी चासी २३० व्होल्टवर येते आणि बटणाचा उघडा स्क्रूसुद्धा झटका देतो. स्विच एकाच तारेत असेल तर रेडिओ बंद असतानाही हा धोका राहतो. सिरीजचा दिवा यापासून वाचवत नाही, त्यासाठी संच मेन्सपासून विलग करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच लागतो. म्हणून ‘घरी करावे’ याचा अर्थ ‘कोणीही कसेही करावे’ असा नाही. सफाई, फोटो, नोंदी, सुटे भाग मिळवणे, नकाशा वाचायला शिकणे आणि पेटीचे काम ही सगळी कामे वीज न देता घरच्या माणसाला करता येतात. वीज दिलेल्या चासीवरचे काम ज्याने ते रीतसर शिकले आहे त्यानेच करावे किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावे. शिवाय धोक्याच्या कारणासाठी संच न तपासता माळ्यावर ठेवल्याने धोका टळत नाही. एखाद्या नातवाने तो प्लग लावेपर्यंत तो तसाच राहतो.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे: रेडिओ चालू झाला तरी त्यावर ऐकायचे काय? जर्मनीच्या डॉइचलांडफुंकने २०१५ च्या अखेरीस मध्यम लहरींवरचे प्रक्षेपण थांबवले. बीबीसी हिंदीची लघुलहरींवरची सेवा २०२० च्या सुरुवातीला संपली. आकाशवाणीनेही गेल्या काही वर्षांत जुने प्रक्षेपक बंद केले आहेत आणि जे प्रक्षेपण उरले त्यात एलईडी दिवे, चार्जर यांची खरखर मिसळते. हे खरे आहे. तरीही मध्यम लहरी पूर्ण गेलेल्या नाहीत. जिथे जवळ प्रक्षेपक आहे तिथे खिडकीबाहेर लांब एरियल आणि चांगले अर्थिंग दिले तर ऐकण्याजोगा आवाज मिळतो. रात्री मध्यम लहरी वातावरणातल्या वरच्या थरावरून परततात, त्यामुळे दूरची केंद्रेही लागतात. बऱ्याच संचांना मागे ग्रामोफोनसाठी जोडणी असते. मेन्स ट्रान्सफॉर्मर असलेल्या संचात, तो सुरक्षित असल्याची खात्री करून, तिथे आजचा कोणताही ध्वनी देता येतो आणि तो त्याच व्हॉल्व्हमधून, त्याच स्पीकरमधून येतो. एसी-डीसी संचाला मात्र या जोडणीतून फोन कधीही लावू नये. मुख्य म्हणजे, ज्यांना मध्यम लहरी आपत्तीच्या काळासाठी तरी टिकाव्यात असे वाटते त्यांच्या मागणीला चालत्या संचांचे आणि ऐकणाऱ्यांचे बळ लागेल. ऐकणारेच उरले नाहीत तर प्रक्षेपक बंद करणाऱ्याला विरोध कोण करणार?

सुटे भाग आणि वीजखर्च यांबद्दलची भीती मात्र वस्तुस्थितीपेक्षा मोठी आहे. व्हॉल्व्ह बहुधा सर्वांत शेवटी जातो, आधी दगा देतात ते कंडेन्सर आणि रेझिस्टन्स, जे आज पूर्वीपेक्षा चांगले आणि स्वस्त मिळतात. ईएल ८४ सारखे काही व्हॉल्व्ह गिटारच्या अॅम्प्लिफायरसाठी रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये आजही बनतात. इतर व्हॉल्व्हसाठी जुन्या साठ्यावर अवलंबून राहावे लागते आणि म्हणूनच पेटीसाठी चासी मोडणे हे अधिक नुकसानीचे आहे. मोडलेल्या प्रत्येक चासीबरोबर दुसऱ्या एखाद्या संचाचा आधारही जातो. विजेचे म्हणाल तर ५० वॅटचा संच रोज एक तास लावला तर महिन्याला दीड युनिट होते. याउलट जगात २०२२ या एका वर्षात ६२ दशलक्ष टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला चतुर्थांशाहून कमी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. साठ वर्षे टिकलेली वस्तू मोडून तिच्या जागी काही वर्षांत निकामी होणारा बोर्ड बसवणे हा व्यवहार कोणत्याही हिशेबाने फायद्याचा ठरत नाही.

ब्लूटूथ बसवणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, आम्ही निदान पेटी वाचवतो, नाहीतर ती जळणात गेली असती. चासी आधीच हरवली असेल किंवा पाण्याने गंजून संपली असेल, तर हे म्हणणे मान्य आहे. रिकाम्या पेटीचा कोणी चांगला उपयोग केला तर त्यात गैर काही नाही. पण पूर्ण चासी असलेला संच रिकामा करणे हे वाचवणे नव्हे. नवा ध्वनी हवाच असेल तर चासीला धक्का न लावता, परत काढून घेता येईल अशा रीतीने वेगळा स्पीकर बसवता येतो. तेवढेही जमत नसेल तर तो संच दुरुस्त करणाऱ्याला द्यावा. हा सगळा उद्योग गतकाळाच्या हळव्या आठवणींचा आहे, असाही आरोप होतो. आठवणींचा वाटा त्यात आहेच, पण ज्याने कधी बिनाका गीतमाला ऐकली नाही अशा विद्यार्थ्यालाही ही चासी ध्वनी, वीज, अनुनाद आणि मापन एकाच वेळी शिकवते. त्या शिकण्याला आठवणीची गरज नाही.

वेळ मात्र थोडा आहे. ज्यांनी हे संच रोज उघडले ते मेकॅनिक आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांच्या हातातले ज्ञान बहुतांशी कागदावर उतरलेले नाही. आयटीआयमध्ये कधी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा स्वतंत्र अभ्यासक्रम होता आणि इलेक्ट्रॉनिक्सचे वर्ग आजही आहेत. महिन्यातून एक दिवस या संस्थांनी आपली प्रयोगशाळा, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि मापनयंत्रे लोकांसाठी खुली करावीत, एखाद्या जुन्या मेकॅनिकला मानधन देऊन बोलवावे आणि घरचा संच घेऊन येणाऱ्याला तो सुरक्षितपणे तपासून द्यावा. जिल्हा ग्रंथालयांनी सर्किटचे नकाशे, माहितीपत्रके आणि परवान्याची पुस्तके गोळा करून स्कॅन करावीत. यासाठी मोठा निधी लागत नाही, इच्छा लागते. आणि ज्यांच्या घरी संच आहे त्यांनी एवढेच करावे: जाणकाराने तपासेपर्यंत प्लग लावू नये आणि चासी चांगली असेल तर पेटीची कितीही किंमत आली तरी दोघांची ताटातूट करू नये.